कच्चा कोपरा

"मॅडम, तुमचा कोपरा पिकला बहुतेक," टाचणीमास्तर फोनवर म्हणाला, आणि ती म्हणाली, "चला, झालं एकदाचं."

फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात, मांडीवर लेकीचं पाऊल, हातात मोजा. रात्री अंग कोमट लागलं होतं म्हणून आज पाळणाघर नाही, घरीच, असं ठरलेलं. तरी मोजे घालायचेच म्हणून लेक हटून बसली होती. मोजा टाचेपर्यंत चढला होता. शब्द तोंडून गेले तेव्हा तिला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. बरेच दिवस अडकलेलं दार अचानक उघडावं तसं. कधीपासून तिला तो कोपरा हवा होता. मग टाचणीमास्तर पुढे बोलत राहिला, नेहमीच्या त्याच्या सुरात, भाजीचा भाव सांगावा तसा. "बाई आहे. साठीच्या आतबाहेर. अजून गेलेली नाही म्हणा, हॉस्पिटलात आहे, पण डोक्याला मार आहे, काही खरं नाही म्हणतात. सकाळी दूध आणायला निघाली होती. तिथंच जवळ पाळणाघर चालवायची म्हणे." लेकीने पाऊल हलवलं. मोजा निसटून पडला. "घाल ना गं," लेक म्हणाली. तिने तो उचलला, उलटा केला, सुलटा केला. कुठलं बोट कुठे जातं ते तिला समजेना.

खात्यात 'पिकला' हा शब्द कुणी आणला कोण जाणे. ती वाहतूक विभागाची प्रमुख झाली त्याच्याही आधीपासून असावा. ज्या जागी रस्ता दुरुस्त करायचा, तिथे माणसं मेलेली असली पाहिजेत, तीन वर्षांत तीन. तीन झाली की जागा पिकली. दोनवर असेल तर पाडाला लागली, तरी कच्चीच. एकही नसेल तर पार कच्ची, मग तिथे रोज किती ब्रेक किंचाळतात, किती आया काळजावर हात ठेवून मागे सरतात, त्याला काही किंमत नाही, कारण जे झालं नाही ते मोजता येत नाही. टाचणीमास्तरच्या टेबलामागे भिंतभर शहराचा नकाशा होता. मेलेल्या माणसाला लाल टाचणी, जखमीला पिवळी. हे सगळं कॉम्प्युटरवरही होतं, रंग बदलणाऱ्या ठिपक्यांसकट, पण मास्तर निवृत्तीला आला तरी टाचण्या सोडायला तयार नव्हता. खिशाच्या पट्टीला दोन-चार लाल टोचलेल्या असायच्याच. "कॉम्प्युटरवर टोचत नाही, मॅडम," म्हणायचा. "टोचलं पाहिजे." नवी पोरं हसायची. तीही हसायची. शब्दांना हसलं की त्यांची धार बोथट होते, आणि बोथट सुरीनेच या खात्यात रोज कापायचं असतं.

नियम मात्र तिचा होता. तो तिने भांडून आणला होता, पोटात सातवा महिना घेऊन, सुजलेल्या पायांनी समितीसमोर उभी राहून. त्याआधी गतिरोधक कुठे बसायचे? ज्याचं वजन असेल त्याच्या दारात. एका नगरसेवकाच्या गल्लीत, जिथे सायकलसुद्धा हळू जाते तिथे, चार गतिरोधक ओळीने. आणि कारखान्याच्या फाटकासमोर, जिथे पाळी सुटली की पाचशे बायका सहा पदरी रस्ता पळत ओलांडतात, तिथे पांढऱ्या पट्ट्यासुद्धा नाहीत. तिथे ती पाहणीला गेली होती. एक बाई धापा टाकत तिच्याजवळ येऊन थांबली, डबा छातीशी धरलेला, हसतच म्हणाली, "मोजा, मोजा. पण लवकर मोजा हो ताई. तुमचं मोजून होईपर्यंत आम्ही उरलो पाहिजे ना!" शेजारच्या दोघी खदखदून हसल्या. त्या हसण्यानेच तिने नियम लिहिला. कुणाच्या दारात ते नाही. कुठे माणसं मरतात ते बघायचं. जो मेला त्याचंच वजन. समितीतला एक म्हातारा सदस्य म्हणाला होता, "बाई, हे फार क्रूर आहे," आणि ती म्हणाली होती, "क्रूर नाही, सरळ आहे." तेव्हा पोटातली लेक हलली होती, हे तिला अजून आठवतं; पण कौतुकाने हलली होती की कशाने, ते लेकीलाच ठाऊक.

आणि कोपरा तिच्या घराजवळचा. घर आणि पाळणाघर यांच्या बरोबर मध्ये. फार पूर्वी तिथून एक बस वळायची. ती लांबलचक बस वळावी म्हणून फुटपाथ कापून वळण ऐसपैस केलेलं, पसरट, ताटाच्या काठासारखं. बसचा मार्ग कधीच बदलला, वळण राहिलं. आता त्या वळणावरून मोटारी वेग न उतरवता, जणू कुणी हाताने फिरवल्यासारख्या सुळकन येतात. पट्टे झिजून दातांच्या खुणांएवढे उरलेत. उपाय तिला डोळे मिटून काढता आला असता: फुटपाथ पुढे आणायचा, वळण आवळायचं, पट्ट्यांची जागा फुटपाथच्या उंचीला उचलायची, म्हणजे मोटारीला चढावं लागेल आणि माणसाला उतरावं लागणार नाही. आठवड्याचं काम. तिने एकदा जेवणाच्या टेबलावर लेकीच्या खडूंनी तो काढलाही होता, आणि नवरा भांडी पुसता पुसता म्हणाला होता, "तुझी एक गंमत आहे. चपला बाहेर काढतेस आणि रस्ता आत घेऊन येतेस." ती हसली होती. कोपऱ्यावर तेव्हा दोन लाल टाचण्या होत्या. एक पेपर टाकणारा सायकलवाला, एक निवृत्त गृहस्थ. पाडाला लागलेला. दोन टाचण्यांपाशी रोज सकाळी ती लेकीचं मनगट धरून उभी राहायची आणि मनातल्या मनात म्हणायची, आम्ही नको. आम्ही सोडून. म्हणजे कुणीतरी, हे त्या म्हणण्यात आपोआप आलंच होतं. आज कळलं की ते कुणीतरी ऐकत होतं.

पाळणाघरवाल्या मावशींचा दोर. खारोटीला—हे नाव मावशींनीच ठेवलेलं, कारण लेक घास गालात साठवून तासभर फिरायची—खारोटीला सगळ्यात अप्रूप त्या दोराचं. जाड सुती दोर, ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या, प्रत्येक पोराला एक गाठ. दुपारी बागेत न्यायचं तर मावशी पहिली गाठ धरून पुढे, मागे पोरं, गाठ सुटली की रडारड. शेवटची गाठ कायम रिकामी. "ती कुणाची?" म्हणून तिने एकदा विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "यायचाय त्याची. पाळणाघराला कधी शेवटचं पोर असतं का?" कोपऱ्यावर आल्या की मावशी बेधडक रस्त्यात उतरायच्या, हात वर करून, आणि ओरडायच्या, "अहो, लेकरं आहेत! घरी बायको वाट बघतेय, जाल हळूच!" मोटारी थांबायच्या. खरंच थांबायच्या. मग दोर पलीकडे सरकायचा आणि पलीकडे पोचल्यावर मावशी मागे वळून विचारायच्या, "आले का सगळे?" सगळी पोरं एका सुरात, "आलेऽऽ". हे सगळं चूक आहे, असं तिने त्यांना समजावलंही होतं. हात वर केला म्हणून मोटार थांबत नाही, मावशी. चालकाला दिसायला अमुक एवढं अंतर लागतं, थांबायला तमुक. मावशी तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या होत्या, मायेने, जसं त्या ताप चढलेल्या पोराकडे बघायच्या. "बरं बाई," म्हणाल्या. "पण मग तुझ्या त्या अंतराचं होईपर्यंत मी काय करू? पोरांना सांगू, बागेत नका जाऊ?" त्या सकाळी त्यांच्याबरोबर पोरं नव्हती. एकट्या होत्या. एकट्या असल्या की कदाचित त्या हात वर करत नसतील. एका म्हाताऱ्या बाईने स्वतःसाठी सगळा रस्ता कसा थांबवायचा, असं वाटत असेल.

हॉस्पिटलात एकमेकांना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. एक हलली की ओळीतल्या सगळ्या हलतात, त्यामुळे कोण रडतंय ते न बघताही कळतं. मावशींचा मुलगा तिथे बसलेला असायचा. चपलांच्या दुकानात कामाला होता. मांडीवर पिशवी आणि पिशवीत आईची एक चप्पल. दुसरी सापडली नव्हती. पहिल्याच दिवशी त्याने ती काढून तिला तळ दाखवला. "बघा ना ताई. घसरत नाही असा तळ आहे. मीच दिली होती निवडून. घसरली असेल का?" ती म्हणाली, "चपलेचं काही नाही त्यात." "नाही, ओलं असेल तिथे," तो म्हणाला. "नाहीतर घसरायची नाही." तिला सांगता आलं असतं की तुझी आई घसरली नाही, वळण घसरडं आहे, बारा वर्षांपूर्वी एका बससाठी कापलेलं. पण त्याला चप्पलच धरून राहायचं होतं. माणसाला दुःखाच्या वेळी आपल्या हातातली चूक बरी वाटते. आत मावशी यंत्राच्या श्वासाने श्वास घेत होत्या. छाती वर जायची, खाली यायची, इतकी सारखी, इतकी नेमकी, की मावशींनी आयुष्यात कुठलीच गोष्ट इतकी नेमकी केली नव्हती. हातांवरची नखं कुणीतरी कापली होती. तिने त्या हाताला हात लावला. ऊबदार होता. नुसता कुणाचातरी ऊबदार हात.

घरी खारोटी विचारायची, "मावशी कधी येणार?" "बऱ्या झाल्या की." "बऱ्या म्हणजे किती?" या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि खात्यात मात्र होतं. तिथे एक रेघ आहे. अपघातानंतर महिन्याच्या आत माणूस गेला तर तो मृत्यू. महिना उलटल्यावर गेला तर नकाशाच्या लेखी तो जखमीच राहतो, मग भले त्याच मारानं गेलेला असो. जगात बहुतेक ठिकाणी असंच मोजतात. दर वर्षी नव्या पोरांना शिकवताना ती म्हणायची, "कुठेतरी रेघ मारावीच लागते," आणि पोरं माना डोलवायची. आता ती सकाळी दात घासताना, चौकातल्या लाल दिव्याशी, लेकीचं डोकं पुसताना त्या रेघेच्या कुठल्या बाजूला आपण आहोत ते बघत होती. मोजायचं नाही असं ठरवून मोजत होती. टाचणीमास्तरने लाल टाचणी काढून टेबलाच्या कडेला उभी टोचून ठेवली होती, नकाशात नाही. ती जवळून गेली की तो नजर चुकवायचा. बाई कोण ते त्यालाही कळलं होतं. एकदा हळूच म्हणाला, "मॅडम, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं." "तुम्ही काय बोललात? बोलले मीच," ती म्हणाली. त्याने तिच्यापुढे आपल्या डब्यातली अर्धी पोळी सरकवली, आणि तिने ती खाल्ली.

मुलाने तिला दारापाशी गाठलं तेव्हा महिना भरायला थोडेच दिवस उरले होते. संध्याकाळ, भेटीची वेळ संपत आलेली, कॉरिडॉरमध्ये फरशी पुसणारी बाई पायांकडे बघत "सरका, सरका" करत होती. तो तिला भिंतीकडे घेऊन गेला. दाढी वाढली होती. "डॉक्टर म्हणाले, आता सुधारणार नाही. यंत्र काढायचं का ते घरच्यांनी ठरवायचं. घरचं कोण, मी एकटा." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ताई, तुम्ही शिकलेल्या. आईला तुमचं फार होतं. ती म्हणायची, खारोटीची आई रस्ते बांधते, तिला विचारावं. काय करू मी? सोडू, का अजून थांबू?"

तिला ऐकू आला तो आधी रेघेचा आवाज. खरंच आवाज झाला, पट्टीवर खडू ओढल्यासारखा. सोडा, म्हटलं तर आज, उद्या, रेघेच्या अलीकडे, लाल टाचणी, तिसरी, कोपरा पिकला, फुटपाथ पुढे येईल, वळण आवळेल, खारोटी चढावर उड्या मारत पलीकडे जाईल, आणि तिच्यासारख्या कितीतरी. मावशींनासुद्धा हेच हवं असतं, असं तिच्या आतलं कुणीतरी तत्परतेने म्हणालं, इतक्या तत्परतेने की तिला त्याची किळस आली. आणि डॉक्टर सांगतात तेच खरं असेल. आत जे वर-खाली होतंय त्यात मावशी नाहीतच. सोडा, हेच कुणीही शहाण्या माणसाने सांगितलं असतं. पण शहाण्या माणसाने सांगितलेलं 'सोडा' आणि तिने सांगितलेलं 'सोडा' एक नव्हतं. तिच्या तोंडात तो शब्द आला की त्याला दात फुटणार होते. त्या सकाळी, चला, झालं एकदाचं, म्हणालेलं तोंड हेच. ती त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिली. चपलेचा आकार कापडातून दिसत होता, टाच खाली. फरशी पुसणारी बाई म्हणाली, "ओ, सरका ना जरा." दोघं सरकली.

"थांबा," ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला बघवलं नाही, कारण ती सुटका होती. "थांबू ना? मलाही तसंच वाटत होतं. तुम्ही म्हणता तर थांबतो," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखी मान हलवत राहिला. खाली उतरताना तिने लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघितलं नाही. तिने त्याला त्याच्यासाठी थांबायला सांगितलं नव्हतं, मावशींसाठीही नाही. आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून सांगितलं होतं. आणि हात स्वच्छ ठेवायला एक म्हातारी बाई यंत्रावर टांगून ठेवली होती.

मावशींच्या पाठीला जखमा झाल्या. एका पायाला सूज आली. मुलगा दुकानात जायचा बंद झाला. तो रोज आत जाऊन आईशी बोलायचा, दुकानात काय माल आला, कुठल्या गिऱ्हाइकाने काय घासाघीस केली. तिने एकदा काचेतून बघितलं. तो हातवारे करून एक जोड दुसऱ्यापेक्षा का बरा ते समजावत होता. ती आत न जाता परत फिरली. त्या दिवसांत तिला झोप लागायची ती लेकीच्या शेजारी, तिच्या पोटावर हात ठेवून. हात वर जायचा, खाली यायचा, कधी घाईने, कधी उसासा टाकून, कधी मध्येच थांबून, आणि त्या बेशिस्त श्वासावर तिचा जीव ओवाळून टाकावासा वाटायचा. नवरा म्हणाला, "तू एवढी का लावून घेतेस? अपघात काय तू केलास?" त्याला काय सांगणार. अपघात कुणीच करत नाही. आमच्या खात्यात तर तो शब्द वापरायलाही बंदी आहे. टक्कर म्हणायचं असतं. टक्कर म्हटलं की दोन बाजू असतात, आणि एका बाजूला कुणीतरी उभं असतं.

महिना उलटला. उलटून दोनच दिवस झाले, आणि सकाळी मुलाचा फोन आला. रडत नव्हता. "गेली ताई. आपणहून गेली. मला काही ठरवायला नाही लागलं." मग, "शेवटी शेवटी फार हाल झाले हो तिचे. पण बरं झालं तुम्ही थांबा म्हणालात. मला सोडवलं नसतं." ती "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणतात? तो तिचे आभार मानत राहिला, आणि ती फोन कानाला धरून खिडकीतून कोपऱ्याकडे बघत राहिली. तिथे एक पांढरी मोटार वळली, सुळकन, सुरेख. वळणाची काही चूक नव्हती. ते बससाठी केलं होतं, आणि बससाठी ते अजूनही तयार होतं.

चार दिवसांनी मृत्यूचा कागद खात्यात आला तेव्हा टाचणीमास्तर नकाशापुढे उभा होता. हातात पिवळी टाचणी. टेबलाच्या कडेची लाल त्याने परत खिशाच्या पट्टीला लावली होती. "काय करू मॅडम?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच भाजीचा भाव नव्हता. "दोन दिवस. दोन दिवसांचं कोण बघतंय. तुम्ही म्हणत असाल तर..." तिने नकारार्थी मान हलवली. त्याने पिवळी टोचली. कोपऱ्यावर आता दोन लाल, एक पिवळी. पाडाला लागलेला, होता तसाच. शेजारी, नकाशाच्या उजव्या अंगाला, कारखान्याचं फाटक. तिथल्या टाचण्या एकमेकींना खेटून अशा उभ्या की कागद फुगला होता. ते कधीच पिकलं होतं. सगळी पूर्तता झालेली, खडी पडलेली. खात्याकडे रस्ताकामगारांची टोळी एकच, आणि ती परवा तिथे कामाला लागणार होती. तिचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम ते होणार होतं. मोजा, मोजा, पण लवकर मोजा हो ताई.

त्या दुपारी ती लवकर निघाली, घरून खारोटीला घेतलं. पाळणाघराच्या दारात मुलगा पोरांच्या वस्तू आयांना वाटत होता: कुणाचा टॉवेल, कुणाची बाटली, एक नाव नसलेला बूट. खारोटीला त्याने दोर दिला. "आजी म्हणायची—आई म्हणायची, खारोटी फार मागते. न्या. आमच्याकडे आता कुणाला धरायचंय?" खारोटीने दोर छातीशी कवटाळला. मावशी दिसत नाहीत, हे तिने एकदा सगळ्या खोलीत फिरून बघून घेतलं, पलंगाखालीसुद्धा. बाहेर आल्यावर दोर जमिनीवर नीट लांब पसरला आणि आपली गाठ शोधली. शेवटून दुसरी. "तू पुढची धर," ती आईला म्हणाली. "पुढची मावशीची असते. आज तू मावशी."

"अगं, आपण दोघीच आहोत. हात धर माझा."

"हात नाही. दोर."

मग ती पहिली गाठ धरून पुढे आणि लेक पार मागे, अशा त्या निघाल्या, मधल्या गाठी जमिनीला टेकत, उचलत. कोपरा आला. ती कडेला थांबली. मागून आवाज आला, "उतर ना. मावशी उतरते." तिने वळून बघितलं. लेक दोन्ही मुठींनी गाठ धरून उभी होती, पूर्ण विश्वासाने, जणू तिच्यापुढे खरोखरच सात-आठ पोरं उभी होती आणि तिची पाळी यायला वेळ होता. वळणाच्या आड काय येतंय ते दिसत नव्हतं; दिसणार नाही हे तिला ठाऊक होतं, किती अंतरावरून दिसणार नाही तेही. कितीतरी वर्षं ती या गोष्टी कागदावर काढत आली होती, आणि एकदाही आपण होऊन, हात वर करून, या रस्त्यात उतरली नव्हती. ती उतरली. हात वर केला. हात किती लहान असतो, रस्त्यात उभं राहिल्यावर. मोटार आली, निळी, सुळकन, आणि लेकरं आहेत असं ओरडायचं ते राहूनच गेलं. ब्रेक किंचाळले. मोटारीचं नाक वाकलं आणि तिच्या गुडघ्यांपाशी येऊन थांबलं, इतकं जवळ की इंजिनाची धग तान्ह्या बाळाच्या श्वासासारखी नडगीला लागली. चालक काचेतून डोकं काढून ओरडला, "मरायचंय का बाई? डोकं फिरलंय?" लेक मात्र निघालीच होती. सावकाश, ऐटीत, मधल्या सगळ्या गाठींना पुढे जाऊ देत, रस्ता ओलांडत होती. चालकाला दोर दिसला, मग दोराचं टोक धरलेली पोर दिसली, आणि त्याचा आवाज आपोआप बसला.

पलीकडे पोचल्या. मोटार गेली. रस्ता जसा होता तसा झाला. काहीही झालं नव्हतं. नकाशावर याची काही म्हणजे काही खूण उमटणार नव्हती.  ती फुटपाथच्या कडेवर बसली, आणि मावशी रोज इथे, दिवसातून दोनदा, कुठला जीव घेऊन उतरत होत्या, हे तिला पहिल्यांदा कळलं. पिशवीतून फोन काढला.

"मास्तर, परवाची टोळी माझ्या कोपऱ्यावर पाठवा."

 पलीकडून सावध आवाज. "पिकला का मॅडम? कोण गेलं?"

"कुणी नाही. कच्चाच आहे."

"मग..." तो थांबला. "आणि फाटक?"

"फाटक मागे जाईल."

"मॅडम, टोळी एकदा उठली की पावसाळ्यापुढे जाईल ते. फाटक पिकलेलं आहे. तुमचाच नियम आहे."

"माहीत आहे मला."

 त्याच्या हातातल्या टाचणीचं डोकं टेबलावर टकटक वाजलं. मग म्हणाला, "लिहू काय? कारण लिहावं लागेल." नगरसेवकाच्या गल्लीतले चार गतिरोधक तिच्या डोळ्यांपुढून ओळीने गेले. छातीशी डबा धरून धावणारी ती बाई गेली, हसत. "माझं घर तिथे आहे, असं लिहा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

लेकीने दोर अजून सोडला नव्हता. ती फुटपाथवर उभी राहून एक एक गाठ बोटाने दाबून बघत होती, ओठ हलवत.

"आले का सगळे?" तिने विचारलं. पुढची गाठ धरणाऱ्याने विचारायचं असतं म्हणून.

खारोटी तिच्याकडे न बघता, मागे सुटलेल्या, फुटपाथखाली रस्त्यातच पडलेल्या त्या शेवटच्या रिकाम्या गाठीकडे बघत म्हणाली, "एक राहिला."